आंतरराष्ट्रीय विकास संघ

आंतरराष्ट्रीय विकास संघ (आयडीए) ही जागतिक बँक गटातील, जगातील गरीब देशांना सवलतीची कर्जे आणि अनुदाने देणारी संस्था आहे. ती २४ सप्टेंबर १९६० रोजी अस्तित्वात आली. तिचे मुख्य कार्यालय वॉशिंग्टन येथे आहे. जागतिक बँकेचा अध्यक्ष हाच संघाचाही अध्यक्ष असतो. कार्यकारी संचालक आणि कर्मचारी हेही बँकेचेच असतात. संघाचे वेगळेपण त्याच्या पैशात आहे. जागतिक बँकेची मूळ शाखा, म्हणजे आंतरराष्ट्रीय पुनर्रचना व विकास बँक, सदस्य देशांच्या भांडवली हमीवर रोखेबाजारातून पैसा उभारते आणि जवळपास बाजारभावानेच तो पुढे कर्जाऊ देते. संघाचा पाया मात्र श्रीमंत देशांतील करदात्यांच्या पैशाचा आहे. हा पैसा एकदाच मिळालेला नसून साधारणपणे दर तीन वर्षांनी नव्याने मागावा लागतो आणि प्रत्येक देशाच्या संसदेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. संघाच्या कर्जांच्या अटी, त्याचे नियम, त्याच्यावरील टीका आणि त्याच्यात झालेल्या सुधारणा यांची संगती या एका गोष्टीतून लागते.

स्थापनेची पार्श्वभूमी : गरीब देशांसाठी सवलतीच्या भांडवलाची मागणी प्रथम संयुक्त राष्ट्रसंघात झाली. तेथील आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष, भारतीय अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्ये अशा निधीसाठी राष्ट्रसंघाच्या छत्राखाली स्वतंत्र यंत्रणा असावी, असे सुचविले. त्यातून पुढे राष्ट्रसंघाच्या विशेष आर्थिक विकास निधीची कल्पना आकाराला आली आणि नवस्वतंत्र देशांनी ती १९५० च्या दशकात सातत्याने लावून धरली. श्रीमंत देशांना ती मान्य नव्हती, कारण राष्ट्रसंघात प्रत्येक देशाला एक मत असते, तर जागतिक बँकेत मताचे वजन भांडवलाच्या प्रमाणात ठरते. अमेरिकेच्या सिनेटमधील ओक्लाहोमाचे प्रतिनिधी माइक मन्रोनी यांनी १९५८ मध्ये जागतिक बँकेलाच जोडून सवलतीच्या कर्जाची संस्था काढण्याचा ठराव मांडला. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली विकलेल्या धान्याच्या मोबदल्यात अमेरिकेकडे साचलेले रुपये आणि तत्सम स्थानिक चलने या कामी लावता येतील, अशी त्यांची मूळ कल्पना होती. ती प्रत्यक्षात फारशी उतरली नाही, परंतु ठराव संमत झाला. राष्ट्रसंघातील मागणीचा जोर ओसरावा हाच संघ काढण्यामागील खरा हेतू होता, असे जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी पुढे स्वतःच सांगितले. गरीब देशांना सवलतीचा पैसा मिळाला, मात्र त्यावरील निर्णयाचा अधिकार देणाऱ्यांच्या हाती राहिला.

याच सुमारास भारताची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांच्या आयातीमुळे १९५७-५८ मध्ये मोठी तूट आली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताला मदत करणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला. भारत आणि पाकिस्तान यांना आणखी कर्जाची निकड होती, पण बाजारभावाच्या व्याजाचा बोजा पेलण्याची त्यांची ताकद संपत आली होती. त्यामुळे संघाच्या आखणीत या दोन देशांच्या गरजेचा विचार प्रथमपासून होता.

सुरुवातीचा निधी सुमारे ९१ कोटी डॉलर होता आणि त्यातील अमेरिकेचा वाटा सुमारे ३२ कोटी डॉलर होता. घटनेने सदस्यांचे दोन भाग केले. पहिल्या भागातील श्रीमंत देशांनी आपली संपूर्ण वर्गणी परिवर्तनीय चलनात, म्हणजे डॉलरसारख्या इतर चलनांत सहज बदलता येणाऱ्या चलनात, भरायची होती. दुसऱ्या भागातील देशांनी केवळ दहा टक्के रक्कम परिवर्तनीय चलनात आणि उरलेली स्वतःच्या चलनात भरायची होती. ही उरलेली रक्कम त्या देशाच्या संमतीशिवाय वापरता येत नसे. संघाचे पहिले कर्ज मे १९६१ मध्ये होंडुरासला रस्त्यांसाठी मिळाले, ९० लाख डॉलरचे. पुढच्याच महिन्यात भारताला महामार्गांसाठी सहा कोटी डॉलर मंजूर झाले.

कर्जाच्या अटी : संघाचे मूळ कर्ज पन्नास वर्षांचे असे. पहिली दहा वर्षे मुद्दल फेडावे लागत नसे. त्यानंतरची दहा वर्षे दरसाल एक टक्का आणि शेवटची तीस वर्षे दरसाल तीन टक्के मुद्दल परत करायचे असे. व्याज नव्हते, फक्त न फिटलेल्या रकमेवर दरसाल ०.७५ टक्के सेवाशुल्क होते. १९८७ मध्ये ही मुदत देशाच्या स्थितीनुसार चाळीस किंवा पस्तीस वर्षांवर आणली गेली. सध्याच्या नेहमीच्या अटींवरील कर्ज अडतीस वर्षांचे असून मुद्दलफेडीला पहिल्या सहा वर्षांची सवड असते. तुलनेने बरी स्थिती असलेल्या देशांना तीस वर्षांची मुदत आणि सेवाशुल्काखेरीज सव्वा टक्का व्याज लागू होते.

या सवलतीचे मोल एका उदाहरणावरून कळते. नेहमीच्या अटींवर एखाद्या देशाने दहा कोटी एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या विशेष आहरण हक्कांच्या एककात, कर्ज घेतले आणि सोयीसाठी ती सर्व रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे मानू. सहा वर्षे त्याला दरसाल साडेसात लाख एसडीआर एवढेच सेवाशुल्क भरावे लागेल. सातव्या वर्षापासून बत्तीस वर्षे दरसाल ३.१२५ टक्के, म्हणजे ३१ लाख २५ हजार एसडीआर मुद्दल आणि घटत जाणारे सेवाशुल्क, असा हप्ता राहील. अडतीस वर्षांत सेवाशुल्कापोटी भरलेली सारी रक्कम १ कोटी ६९ लाखांच्या आसपास भरते. हेच कर्ज पाच टक्के व्याजाने घेतले असते, तर पहिल्या चार वर्षांतच दोन कोटी व्याज गेले असते. म्हणून विकास-अर्थशास्त्रात अशा कर्जाचा एक भाग अनुदानच धरला जातो आणि त्या भागाचा भार देणगीदार देश उचलतात.

कोणत्या देशाला ही कर्जे मिळावीत, हे प्रामुख्याने दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरते. २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी ही मर्यादा १,३३५ डॉलर होती. काही लहान बेटदेशांना उत्पन्न अधिक असूनही अपवाद म्हणून पात्र मानले जाते. पात्र देशांची संख्या ७८ असून त्यांपैकी निम्मे आफ्रिकेत आहेत. पात्र देशांमधील वाटप लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि धोरणे व संस्था यांना जागतिक बँकेने दिलेले गुण यांच्या सूत्राने होते. सूत्रात गुणांचे वजन मोठे असल्याने ज्या देशाचे प्रशासन दुबळे, त्याच्या वाट्याला माणशी पैसा कमी येतो, आणि अशाच देशांत गरिबी सर्वांत खोलवर रुतलेली असते. हा आक्षेप रास्त आहे. तो अंशतः मान्य करून संघर्षग्रस्त देशांसाठी अलीकडे वेगळी तरतूद केली जाते, तरी मूळ सूत्रातील ताण कायम आहे.

निधीचे पुनर्भरण : संघाचा पैसा दीर्घ मुदतीसाठी अडकून पडतो, त्यामुळे सुरुवातीचा निधी काही वर्षांतच वाटून संपला. १९६४ मध्ये श्रीमंत देशांनी सुमारे ७५ कोटी डॉलरची पहिली भर घातली आणि तेव्हापासून पुनर्भरणाची प्रथा सुरू झाली. आता दर तीन वर्षांनी देणगीदार देशांच्या अर्थखात्यांतील किंवा विकासखात्यांतील वरिष्ठ अधिकारी वर्षभर चर्चा करून एकूण रक्कम, प्रत्येकाचा वाटा आणि पुढील तीन वर्षांची धोरणे ठरवितात. कर्ज घेणाऱ्या देशांचे प्रतिनिधी या बैठकांना बसू लागले ते तेराव्या पुनर्भरणाच्या वेळी, म्हणजे स्थापनेनंतर चाळीस वर्षांनी.

बैठकीत जाहीर झालेला आकडा लगेच तिजोरीत येत नाही. प्रथम देणगीदार देश बांधिलकीचा लेख संघाकडे जमा करतो. ज्या देशांत खर्चाला दरवर्षी संसदेची मंजुरी लागते, त्यांचा लेख सशर्त असतो. त्यानंतर रोख रकमेऐवजी बहुधा बिनव्याजी वचनचिठ्ठ्या दिल्या जातात आणि प्रकल्पांवर खर्च होईल तसतशा त्या वटविल्या जातात. एका पुनर्भरणाच्या चिठ्ठ्या पूर्ण वटायला नऊ वर्षांपर्यंत अवधी जाई. शिवाय एका मोठ्या देशाने आपला हप्ता लांबविला, तर इतरांनाही त्याच प्रमाणात आपला पैसा अडवून ठेवता येतो.

असे १९८० च्या दशकात प्रत्यक्ष घडले. सहाव्या पुनर्भरणात बारा अब्ज डॉलर ठरले होते, पण अमेरिकी काँग्रेसने आपला वाटा वेळेवर दिला नाही. पुढच्या खेपेस रेगन प्रशासनाने वर्षाला ७५ कोटी डॉलरच्या वर जायचे नाही असे ठरविल्याने १९८४ चे सातवे पुनर्भरण नऊ अब्जांवर घसरले. जागतिक बँकेतील चीनची जागा १९८० मध्ये तैवानऐवजी साम्यवादी चीनला मिळाली होती आणि आफ्रिकेत दुष्काळ होता, त्यामुळे आखडलेल्या निधीला वाटेकरी मात्र वाढले. याची झळ भारताला सर्वाधिक बसली. पहिल्या दोन दशकांत संघाच्या कर्जांपैकी सुमारे चाळीस टक्के भारताला मिळत होती. हा वाटा झपाट्याने खाली आला आणि भारताला बँकेच्या महागड्या कर्जांकडे वळावे लागले. वॉशिंग्टनमधील एका अर्थसंकल्पीय निर्णयाचा परिणाम भारतातील पाटबंधारे आणि पाणीपुरवठा योजनांच्या खर्चावर असा होत होता.

श्रीमंत देशांच्या वर्गणीत अमेरिकेचा वाटा सुरुवातीला सुमारे ४२ टक्के होता, तो आता पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. २००७ च्या पंधराव्या पुनर्भरणात ब्रिटन प्रथमच सर्वांत मोठा देणगीदार ठरला आणि चीनने प्रथमच देणगीदार म्हणून निधी दिला. दक्षिण कोरियाने १९७३ मध्ये संघाकडून कर्ज घेणे थांबविले आणि १९७७ मध्ये तो देणगीदार झाला.

नर्मदा आणि देणगीदारांचे वजन : दर तीन वर्षांनी पैसा मागावा लागतो, यामुळे संघ देणगीदारांच्या संसदांपुढे उत्तरदायी राहतो. हे उत्तरदायित्व गरीब देशांतील सामान्य माणसांच्या कामी कसे येऊ शकते, याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण नर्मदेच्या खोऱ्यातील आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी एकूण ४५ कोटी डॉलर मंजूर केले, त्यांपैकी २५ कोटी संघाचे होते. बुडिताखाली जाणाऱ्या गावांत महाराष्ट्रातील, तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील, ३३ आदिवासी गावे होती. १९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. देणगीदार देशांतील संघटनांनी हा प्रश्न आपापल्या संसदांत नेला. अखेर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमली. जून १९९२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबतीत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नसल्याचे स्पष्ट केले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले.

त्याच सुमारास दहाव्या पुनर्भरणाचा पैसा अमेरिकी काँग्रेसकडे मंजुरीसाठी होता. संबंधित उपसमितीचे अध्यक्ष बार्नी फ्रँक यांनी माहिती खुली करणे आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा यांशिवाय पैसा सुटणार नाही, अशी भूमिका घेतली. सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या संचालक मंडळाने तपासणी मंडळ स्थापन केले. प्रकल्पाची झळ बसलेल्या लोकांना स्वतःच्या सरकारला वळसा घालून थेट बँकेकडे तक्रार करण्याचा हक्क त्यामुळे प्रथमच मिळाला. मंडळापुढची पहिली तक्रार नेपाळमधील अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाची होती आणि १९९५ मध्ये बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. मणिबेलीसारख्या गावांनी पाण्यात उभे राहून दिलेल्या लढ्याने जगभरातील प्रकल्पग्रस्तांना एक दाद मागण्याचे ठिकाण मिळवून दिले, ही गोष्ट संघाच्या इतिहासात ठळकपणे नोंदविली गेली पाहिजे. खुद्द त्या गावांचे बुडीत मात्र टळले नाही. धरणाचे काम भारताने स्वतःच्या पैशाने पुढे नेले.

महाराष्ट्रातील कर्जे : संघाच्या पहिल्या काही वर्षांतील कर्जांत महाराष्ट्राचे प्रकल्प ठळकपणे दिसतात. १९६२ मध्ये मराठवाड्यातील पूर्णा पाटबंधारे प्रकल्प, कोयना जलविद्युत प्रकल्पाचा दुसरा टप्पा आणि मुंबई बंदर यांना कर्जे मिळाली. १९७३ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण योजनेला कर्ज मिळाले.

हे पैसे राज्याला त्याच सवलतीने मिळत होते, असा समज होऊ नये. कर्ज केंद्र सरकार घेई आणि पुढे राज्याला अतिरिक्त केंद्रीय साहाय्य म्हणून देई. त्याचे प्रमाण नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणेच, सर्वसाधारण राज्यांसाठी सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के अनुदान असे, राहिले. कर्जाच्या भागावर राज्याला केंद्राच्या दराने व्याज पडे. विनिमय दराची जोखीम मात्र केंद्र सोसत असे. १ एप्रिल २००५ पासून परदेशी कर्ज मूळ अटींसह राज्याकडे जाऊ लागले. त्यामुळे व्याज कमी झाले आणि रुपयाच्या घसरणीचा भार राज्यावर आला.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर संघाने २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज दिले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि इतर गावांत घरमालकांनी अभियंत्यांच्या देखरेखीखाली आपापली घरे दुरुस्त करून भूकंपाला तोंड देण्याजोगी मजबूत केली. सरकारने ठेकेदारांकडून बांधून दिलेल्या वसाहतींपेक्षा मालकांच्या हाती दिलेले हे काम लोकांच्या राहणीला अधिक जुळणारे ठरले आणि मालकाने स्वतः बांधायचे हे तत्त्व २००१ च्या भुज भूकंपानंतर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

२००२ च्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात लोहमार्ग आणि रस्त्यांसाठी बँकेचे ४६ कोटी ३० लाख डॉलर आणि पुनर्वसनासाठी संघाचे ७ कोटी ९० लाख डॉलर होते. एक लाखाहून अधिक माणसे हलवावी लागणार होती. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यात दुकाने जाणाऱ्या कुर्ल्यातील व्यावसायिकांसह अनेकांनी २००४ मध्ये तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखला. नर्मदेमुळे उभी राहिलेली यंत्रणा या वेळी मुंबईकरांच्या उपयोगी पडली.

कर्ज की अनुदान : १९९० च्या दशकात आफ्रिकेतील अनेक देश जुन्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी नवी कर्जे काढत होते. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या मेल्ट्झर आयोगाने गरीब देशांना कर्जाऐवजी अनुदान द्यावे, असे सुचविले आणि बुश प्रशासनाने संघाच्या निम्म्या मदतीचे अनुदानात रूपांतर करण्याचा आग्रह धरला. युरोपीय देशांची हरकत अशी की अनुदान परत येत नाही. परतफेडीचा ओघ आटला, तर संघ कायमचा देणगीदारांच्या मर्जीवर राहील. तेराव्या पुनर्भरणात सुमारे पाचव्या हिश्शाएवढे अनुदान मान्य करून तडजोड झाली. पुढे कर्जबाजारी होण्याचा धोका ज्या देशाला अधिक, त्याला संपूर्ण अनुदान आणि मध्यम धोक्याच्या देशाला निम्मे, अशी पद्धत आली. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे भरलेल्या जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेने ठरविल्यानुसार जुलै २००६ पासून पात्र देशांची जुनी कर्जे माफ झाली. यातून संघाला मिळू न शकणारी सुमारे ३७ अब्ज डॉलरची रक्कम देणगीदारांनी पुढील चार दशकांत भरून द्यायची आहे. हे वचन कागदावर आहे, पण त्याची पूर्तता अजून निवडूनही न आलेल्या सरकारांवर अवलंबून आहे.

युरोपीय देशांचा युक्तिवाद पुढच्या काळाने खरा ठरविला. चीन १९९९ मध्ये आणि भारत २०१४ मध्ये संघाच्या कर्जदारांच्या यादीतून बाहेर पडल्यावर त्यांच्या जुन्या कर्जांचे हप्ते हा संघाचा मोठा आधार बनला. पूर्णेच्या कालव्यांसाठी १९६२ मध्ये घेतलेल्या कर्जाची मुदत पन्नास वर्षांची होती, म्हणजे त्याचे शेवटचे हप्ते २०१२ च्या सुमाराचे ठरतात, आणि असे परत आलेले पैसे पुन्हा इतर गरीब देशांना कर्जाऊ जातात. संघाच्या निधीचे वर्णन केवळ श्रीमंतांचे दातृत्व असे करणे त्यामुळे अपुरे ठरते. त्यात एके काळच्या कर्जदारांनी नेमाने केलेल्या परतफेडीचाही मोठा वाटा आहे. भारत आता स्वतः देणगीदारांच्या यादीत आहे.

रोख्यांचा मार्ग : देणग्या वाढेनात तेव्हा संघाने आपल्या साठलेल्या संपत्तीचा आधार घेतला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला सर्वोच्च पतमानांकन मिळाले आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याने दीड अब्ज डॉलरचे पहिले रोखे विकले. त्याआधी काही देणगीदारांकडून देणगीसोबत सवलतीची कर्जे घेण्यास सुरुवात झाली होती. या मार्गाने देणगीच्या एका डॉलरमागे साडेतीन ते चार डॉलरची मदत उभी राहते. डिसेंबर २०२१ च्या विसाव्या पुनर्भरणात ४८ देशांनी २३.५ अब्ज डॉलर कबूल केले आणि एकूण मदत ९३ अब्जांची ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये सोल येथे ठरलेल्या एकविसाव्यात २३.७ अब्जांच्या देणगीवर १०० अब्जांचा आकडा जाहीर झाला. देणग्या जवळजवळ होत्या तेथेच आहेत आणि महागाई हिशेबात घेता घटल्या आहेत, हे या मोठ्या आकड्यांमागे झाकले जाते. रोख्यांवर बाजारदराने व्याज द्यावे लागते आणि पैसा पाऊण टक्क्याने पुढे द्यायचा असतो. दोहोंतील फरक देणगीतून भरावा लागतो. २०२२ पासून जगभर व्याजदर चढल्यावर हा फरक रुंदावला. म्हणजे रोखे देणगीची जागा घेऊ शकत नाहीत.

एकविसाव्या पुनर्भरणाचा काळ जुलै २०२५ ते जून २०२८ असा आहे. त्यासाठी बायडन प्रशासनाने चार अब्ज डॉलर कबूल केले होते. त्यानंतर आलेल्या ट्रम्प प्रशासनाने अर्थसंकल्पात तीन वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलरचा प्रस्ताव ठेवला.